नकाशाचा फिका कोपरा

आरोग्य खात्यात तिला सगळे ‘आकडेताई’ म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते वाचायची तसदी कोण घेणार? साथ आली की खात्याला तिची आठवण व्हायची. एरवी तिच्या टेबलावर इतरांचे जेवणाचे डबे असायचे.

यंदा तापाची साथ येणार अशी कुणकुण लागली. कोणत्या वयाची माणसं कोणत्या वयाच्या माणसांना किती भेटतात, हे शोधायचं काम तिच्या गळ्यात पडलं. ती घरोघर फिरली. “काल कोणाकोणाशी बोललात?” एवढाच प्रश्न. एका गृहस्थांनी बायकोसमोरच “कोणाशीच नाही” म्हणून सांगितलं, आणि बायकोनेही मान डोलावली.

या माहितीतून तिने रंगीत नकाशा केला. आडव्या बाजूला एकाचं वय, उभ्या बाजूला त्याला भेटलेल्याचं. भेटी जास्त तिथे गडद लाल, कमी तिथे फिका. मधोमध तिरपा लाल पट्टा उमटला, कारण समवयस्कांचं समवयस्कांशी जमतं. शेजारी आईबाप आणि मुलांचे फिकट पट्टे. लहान मुलं आणि सत्तरीपुढचे लोक जिथे भेटले असते, तो कोपरा मात्र जवळपास पांढराच.

साहेबांनी नकाशा आधी उलटा धरला, मग सुलटा. “हा पट्टा वाकडा का?”

“तिरपा आहे, साहेब. तो तसाच येतो.”

“बरं. पण हा कोपरा रिकामा कसा? काम अर्धवट सोडलंत?”

“नाही, साहेब. मुलं आणि म्हातारे फारसे भेटतच नाहीत. साथीपुरतं ते बरंच आहे. मुलांचा ताप म्हाताऱ्यांपर्यंत पोचणार नाही.”

साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही. रिकामी जागा दिसली की भरायची, हे त्यांचं जुनं तत्त्व. त्यांचा मेहुणा असाच खात्यात चिकटला होता. त्यांनी लगेच आदेश काढला: शाळेतल्या मुलांना वृद्धाश्रमात न्या.

“साहेब, साथ तोंडावर आली आहे!”

“तुम्ही आकडे बघा, माणसं आम्ही बघतो.”

नाकं गळणारी पोरं वृद्धाश्रमात पोचली. गाणी झाली, गळाभेटी झाल्या, साहेबांचे फोटो झाले. आठवड्याभरात अख्खा वृद्धाश्रम तापाने फणफणला. साहेब प्रकृतीची काळजी घेत घरी बसले. औषधं घेऊन आकडेताईच गेली. नशिबाने कोणाचं जिवावर बेतलं नाही.

तिथल्या एक शिवणकाम करणाऱ्या आजी खोकत म्हणाल्या, “पोरी, ती पोरं परत कधी येणार?”

“आजी, अहो, त्यांच्यामुळेच तर हा ताप आला!”

“ताप काय, एरवीही येतो. पण माझ्या पदराला नाक पुसायला किती वर्षांनी कोणी आलं.”

आकडेताईला हसू आलं.

नव्या पाहणीत तो कोपरा लालभडक निघाला. पिढ्या जोडल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला, बढतीही मिळाली.

साथ ओसरल्यावर आकडेताई स्वतः शाळेत गेली आणि मुलांची फेरी पुन्हा सुरू केली. वृद्धाश्रमाच्या दारात ती प्रत्येकाचा ताप बघायची. शिंकणाऱ्याला प्रेमाने घरी धाडायची. या कामाचा कोणताही आदेश निघाला नव्हता, म्हणून ते नीट चाललं.