इंद्रजीतचं रडणं

मले कोणी त्या पिच्चरचं कौतुक सांगू नका. डोकं फिरते माझं.

मी प्रफुल्ल, वणीचा. लग्नाचे व्हिडिओ काढतो, अन् इंद्रजीतची सारी गाणी मीच शूट केली. इंद्रजीत म्हणजे केळापूरकडच्या तांड्यावरचा बंजारा गडी. त्यांच्या गोरबोलीतल्या अल्बमच्या गाण्यांवर डान्स बसवायचा. त्यानं स्टेप काढली की ढाणकीपासून वणीपर्यंत वरातीत पोट्टे तेच करत. नाव मात्र कोणाले माहीत नव्हतं. त्याले त्याचं काही नाही. "नाचून राह्यले ना लोक? बस झालं," म्हणे.

मग पुण्याचा एक डायरेक्टर आला. चेहरा पाहून त्यानं इंद्रजीतले नवरीच्या भावाचा रोल देला. आमचा डान्सवाला ॲक्टर झाला! तांडाभर पेढे वाटले आम्ही.

सीन होता पोरीच्या पाठवणीचा. बंजाऱ्यात नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. ढावलो म्हणजे रडणंच, पण गाऊन. त्यावर कोणी नाचत नाही. डायरेक्टर म्हणाला, "इंद्रजीत, यावर एक मस्त स्टेप दे ना." यानं हात जोडले. "सर, बाकी सारं नाचवतो. ढावलो नाही." डायरेक्टर हसला. "बरं, राहू दे. नुसता रड."

अन् हा रडला, बाप्पा! त्याच्या मायनं, जमनीबाईनं, त्या पुण्याच्या हिरोईनीले ढावलो शिकवला होता. तिनं गळ्यात हात टाकले तसे याचे खांदे गदगदा हालाले लागले. त्याची सख्खी बहीण उज्ज्वला तिथंच पाहत उभी होती, नुकतंच लग्न ठरलं होतं तिचं. तिच्याकडं पाहून रडला तो. ॲक्टिंग नव्हती ते.

पिच्चर आला. त्या नालायकांनी काय करावं? त्याच्या हालणाऱ्या खांद्यांचा तेवढाच तुकडा कापला, पुन्हा पुन्हा जोडला अन् खाली ढोल टाकला. पिच्चरच्या जाहिरातीचं गाणं केलं लेकाच्यांनी! थोड्याच दिवसांत जिथं पाहावं तिथं पोट्टे खांदे उडवून राह्यले. मी डायरेक्टरले फोन लावला, "कायले केलं हे?" तर म्हणे, "अरे, हिट झाला ना तो!" काडीची लाज नाही माणसाले.

इंद्रजीत मले एवढंच म्हणे, "उज्ज्वलाच्या लग्नात डीजे नको." बोलावलाच नाही.

लग्न लागलं. गाडी उभी. उज्ज्वला मायच्या गळ्यात पडली, मग भावाच्या. ढावलो सुरू केला तिनं, अन् याचा खांदा हालला. तेवढ्यात नवरदेवाकडचा एक पोट्टा ओरडला, "अबे, हिरो स्टेप करून राह्यला!" झालं! फोन वर आले, मागं दोघंतिघं खांदे उडवाले लागले. मी एकाच्या कानाखाली ठेवून देली, पण काय फायदा?

इंद्रजीत ताठ झाला. दात आवळून, हात बाजूले लोंबकळत उभा. बहीण गळ्यात पडून गाऊन राह्यली अन् हा हालेना. गाता गाता तिनं एकदा मान मागं करून त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. मग हात काढून घेतले अन् गाडीत बसली.

गाडी वळली तशी माझ्या बाजूच्या दोन बाया एकमेकींले म्हणाल्या, "पिच्चरमध्ये तर लय रडते. सख्ख्या बहिणीसाठी डोळ्यात टिपूस नाही मेल्याच्या."