ओल्या तुसाचा ठपका

मी कोंबड्यांची डॉक्टर आहे म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. नवऱ्याच्या नोकरीमागे कराड सोडून म्हैसूरला आले, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. त्यातली बहुतेक मी नाकाला ओढणी बांधून ब्रॉयलरच्या शेडमध्ये काढली. पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या एका कंपनीत मी आहे. खाद्यात काय किती पडायचं ते मी ठरवते, आणि कुठे पक्षी मरायला लागले की का मरतात ते बघायलाही मलाच पाठवतात. म्हणजे स्वयंपाक माझा आणि जेवणाऱ्याचं पोट बिघडलं तर पंचनामाही माझाच. यात काही गैर आहे असं बरीच वर्षं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पिरियापट्टणच्या वाटेवर एका तंबाखूवाल्याची शेड होती. मालक गावात राहायचा. शेड सांभाळायला साठीला आलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघं शेडला लागूनच्या खोलीत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी आमच्या ड्रायव्हरला मराठीतच फैलावर घेत होते, तर मागून आवाज आला, "बाई, तो इथला आहे, त्याला कन्नडात रागवा." मला हसूच आलं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातले ते, घरी मराठी बोलणारे. त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले.

नवी पिल्लं शेडमध्ये सोडली की मामा दुपारभर पाटावर बसून असायचे. एकेक पिल्लू तळहातावर घ्यायचं आणि गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपायची. मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोटात गेलंय, टणक लागली तर नुसता दाणा, पाणी सापडलेलंच नाही. "हे जेवलं, अल्वा?" असं, 'नाही का?' ला कन्नड शब्द वापरून, स्वतःलाच विचारत ते पिल्लू खाली सोडायचे. आम्ही हे नव्या डॉक्टरांना फोटो दाखवून शिकवतो. मामांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग कंपनीने नव्या वाणाची पिल्लं आणली. त्यांच्या रक्तातच वाढ, बघता बघता अंगाने भरणारी. मला वाटलं, एवढी भूक आहे तर हात आखडता का घ्या? मी पहिल्या खाद्यात सोयाबीनची पेंड वाढवली. वाण कितीही पळता असो, पिल्लाचं आतडं आपल्या वेळेनेच तयार होतं. त्याला न पचलेलं पुढे जाऊन कुजतं आणि तिथे नको ते जंतू माजतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्यावर भाषणं दिलेली आहेत. पण वजनाचे आकडे बघून माझी अक्कल गहाण पडली होती.

तिसऱ्या आठवड्यात मालकाचा फोन आला: पक्षी मान टाकताहेत, काही मोठे, काही टीचभर, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालंय. मी गेले. शेडच्या दाराशी खाद्याचं रिकामं पोतं पसरून मेलेले तीन पक्षी फाडले. पाय मामांनी धरले होते. आतडी गॅसने फुगलेली, भिजल्या कागदासारखी पातळ, आत न पचलेलं खाद्य. मग मी आत जाऊन पाण्याच्या नळीखालचं तूस मुठीत दाबून बघितलं. ते कोरडं होतं. नळी गळत असती तर तेच आधी भिजलं असतं. ओल होती ती हगवणीची, आणि हगवण माझ्या पेंडीची. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आमच्या अहवालात कारणांचे तीन चौकोन असतात: खाद्य, पिल्लं, व्यवस्था. पहिले दोन कंपनीच्या अंगावर येतात, तिसरा शेडवाल्याच्या. माझी बढती तोंडावर आली होती. मी तिसऱ्यावर खूण केली आणि खाली लिहिलं: पाण्याची गळती, तूस वेळेवर हलवलं नाही.

"बाई, माझं काय चुकलं काय?" मामांनी विचारलं.

चोरी मनात असली की माणूस आवाज चढवतो. मी म्हटलं, "तूस ओलं झालेलं दिसलं नाही तुम्हाला? मग दिवसभर बघता काय? कोंबडीचं पोट नाजूक असतं, एका दिवसाची हयगय चालत नाही तिला." ते मान खाली घालून पोतं गुंडाळायला लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. त्याच आठवड्यात मालकाने दोघांना काढलं. नोकरीबरोबर खोलीही गेली. मी खाद्यातली पेंड गुपचूप कमी केली, सगळीकडचे पक्षी सुधारले, आणि बढती मिळाली. एक ओळ लिहून अहवाल दुरुस्त करता आला असता. मी केला नाही. दोन वर्षं केला नाही.

गेल्या वर्षी मात्र माझं मनच मला खायला उठलं. आधी मालकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, आता दुसरा माणूस आहे, राहू दे. मग पत्ता काढत लष्कर मोहल्ल्यात गेले. पुतण्याच्या बॅगांच्या कारखान्यात मामा चेन शिवत बसले होते. मामींनी कॉफी आणली. मी आढेवेढे न घेता सांगितलं, "मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं. खाद्य माझं चुकलं होतं. नळीखालचं तूस कोरडं होतं, मी हाताने बघितलं आणि तरी खोटं लिहिलं."

त्यांनी मशीन थांबवलं. "नाही बाई. मी नंतर लई विचार केला. एक दिवस मला ताप होता, तूस हलवायचं राहिलं. तिथंच बिघडलं ते."

"एका दिवसाने काही होत नाही, मामा."

"होतं. कोंबडीचं पोट नाजूक असतं. एका दिवसाची हयगय चालत नाही तिला."

माझेच शब्द. मामी म्हणाल्या, "शेजारणीनं दोन पिल्लं दिलेली, हौसेनं. यांनी परत केली. म्हणाले, माझ्या हातात जगणार नाहीत."

मला राग आला, कुणाचा ते कळेना. मी त्या कारखान्यात, चार माणसांसमोर, आवाज चढवून म्हटलं, "मी सांगतेय ना तुम्हाला, मी खोटं लिहिलं!"

मामांनी कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. "आयतु, बाई, आयतु," म्हणाले, रडक्या पोराला 'झालं, झालं' म्हणत गप्प करावं तसं. "तुम्ही माझं मन राखायला बोलता, कळतं मला. पण तुम्ही एवढ्या शिकलेल्या, पोट फाडून बघितलंत, मग खोटं कशाला लिहाल? तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं."