अकरा ते साडेबारा कोण विकत होतं?

"आप्पा, फक्त एक आकडा द्या. टक्केवारी. बाकी फ्लेक्स तयार आहे."

पाटील सरांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. फ्लेक्सच्या फोटोत सर हाताची घडी घालून उभे होते. मागे वर चढत जाणारा हिरवा बाण. डोक्यावर त्यांच्या नव्या शेअर अकॅडमीचं नाव, छातीखाली 'शेअर बाजाराचे गाढे अभ्यासक', आणि त्याखाली कोरी जागा सोडून 'टक्के यशस्वी सौदे'. कोऱ्या जागेवर नंतर स्टिकर लागणार होतं. दहा बाय आठचा फ्लेक्स छापून घरी येऊन पडला होता. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेच्या आठवड्यात उद्घाटन होतं. पाहुणे ठरले होते, शाली आल्या होत्या. कमी होता तो आकडा.

सर लोणखेड्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झालो. आता शहाद्यात एका कापड दुकानाच्या वर माझं छोटं ऑफिस आहे. एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवून देणं हे माझं काम. त्याला इम्पोर्ट म्हणतात. नाव भारी आहे, पण काम हमालीचंच. फक्त पोती दिसत नाहीत.

सरांना त्यांचे वर्षभराचे शेअरचे सौदे ट्रेडिंग जर्नलमध्ये चढवून हवे होते. ब्रोकर आपल्या ग्राहकाला सगळ्या सौद्यांची एक फाइल देतो, तिला ट्रेडबुक म्हणतात. त्यात नुसत्या ओळी असतात : कोणता शेअर, किती, काय भावाने, किती वाजता. जर्नल म्हणजे त्या ओळींवरून तुम्हाला आरसा दाखवणारं सॉफ्टवेअर. तुम्ही कुठे कमावता, कुठे घालवता, कोणत्या वेळी डोकं चालतं, कोणत्या वेळी नाही, हे ते सांगतं. ब्रोकर हे सांगत नाही. त्याला तुमच्या दोन्ही वेळा सारख्याच प्रिय असतात.

"इतकी घाई कशाची?" मी विचारलं.

सरांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा. बावीस वर्षं खडू झिजवला, आप्पा. आता पूर्णवेळ मार्केट."

"घरी ठरलंय?"

"रेखाची एकच अट आहे. जर्नलला ती वही म्हणते. आधी आप्पांकडून सगळे सौदे वहीत चढवून आणा, मग खुशाल राजीनामा द्या. खातं तिच्या नावावर आहे ना, म्हणून तिला वाटतं. बाकी तिला यातलं काही कळत नाही."

शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. करायला नको होतं.

फाइल चढवली. पडद्यावर आकडा आला : एक्क्याण्णव टक्के. आणि मी तो मोठ्याने वाचला. कारखान्यात तीस वर्षं जी चूक करू नये म्हणून मी पोरांना ओरडलो, ती चूक मी स्वतः केली. न तपासलेला आकडा तोंडातून गेला की परत येत नाही. सरांनी तिथूनच स्टिकरवाल्याला फोन लावला. खाली जाऊन पेढे घेऊन आले. कापड दुकानाच्या शेठजींना दिले, मला दिले, स्वतः दोन खाल्ले.

पेढा तोंडात असताना माझी नजर सौद्यांच्या संख्येवर गेली.

"सर, रोज किती सौदे करता?"

"दोन. एक सकाळी, एक दुपारी. शिस्त आहे माझी."

"मग वर्षाचे दोन हजार कसे झाले?"

इथे थोडं समजावून सांगतो. तुम्ही पाचशे शेअर एकाच ऑर्डरने विकलेत, पण समोर घेणारे नऊ जण निघाले, तर ट्रेडबुकमध्ये नऊ ओळी पडतात. सौदा एकच, तुकडे नऊ. जर्नलने प्रत्येक तुकडा वेगळा सौदा म्हणून मोजला होता. काट्यावर उसाची एक ट्रॉली यावी आणि कारकुनाने प्रत्येक मोळीला एक ट्रॉली लिहावी, तसं. फाइलमध्ये ऑर्डर नंबरचा कॉलम असतो. सारख्या नंबरचे तुकडे एकत्र बांधले की मोळ्यांची पुन्हा ट्रॉली होते. नफ्याच्या ऑर्डरी नेमक्या जास्त तुकड्यांत गेलेल्या होत्या. सगळं बांधल्यावर एक्क्याण्णवचे चौसष्ट झाले.

सरांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "चौसष्टही वाईट नाही. फर्स्ट क्लास आहे."

स्टिकरवाल्याला दुसरा फोन गेला.

मग जर्नलचा वेळेचा रिपोर्ट उघडला. किती वाजता विकलेल्या शेअरमध्ये सर्वांत जास्त यश, याचा तो तक्ता. उत्तर आलं : संध्याकाळी साडेचार ते सहा.

सर खुर्चीत मागे रेलले. "बघा! मी हेच सांगत होतो. कॉलेज सुटलं की माझं मन एकदम स्थिर होतं. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसतो, मग निर्णय. अकॅडमीत पहिलं लेक्चर यावरच ठेवणार आहे. मन आणि मार्केट."

"सर, मार्केट साडेतीनला बंद होतं."

सरांनी पेढ्याच्या कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली.

दोष सरांच्या मनाचा नव्हता. जर्नल परदेशी बनावटीचं. फाइलमधली वेळ लंडनकडची आहे असं त्याने गृहीत धरलं आणि आपल्याकडची करण्यासाठी साडेपाच तास वाढवून टाकले. वेळ आधीच आपली होती. सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची असते. बदलली, फाइल पुन्हा चढवली. साडेचार ते सहाचे झाले अकरा ते साडेबारा.

मला बरं वाटलं. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, साडेतीनला मिटतो, सगळे सौदे आता त्याच्या आत बसले होते. आमच्या कामात याहून मोठा आनंद नाही. सर मात्र पडद्याकडे बघत होते.

"अकरा ते साडेबारा माझं प्रॅक्टिकल असतं."

"रोज?"

"रोज. बॅच वेगळी, वेळ तीच. आणि मोबाईल दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात. नियम माझाच आहे. सगळ्यांत आधी माझा मोबाईल पडतो त्यात." मग एकदम त्यांना आठवलं. "अच्छा! टार्गेट!"

टार्गेट म्हणजे आधीच देऊन ठेवलेला विक्रीचा हुकूम. शेअर पाचशेला घेतला, पाचशे वीस झाला की आपोआप विकला जावा, असं सकाळीच सांगून ठेवायचं आणि कामाला जायचं. सर सकाळी घरच्या लॅपटॉपवर घेत, टार्गेट लावत, आणि कॉलेजला निघत. परत येईपर्यंत सौदा मिटलेला असे, आकडा हिरवा असे. खात्याचे मेसेज रेखाताईंच्या मोबाईलवर जात. सर फक्त हिरवं बघत.

"यालाच सिस्टीम म्हणतात, आप्पा." हाताची घडी पुन्हा फ्लेक्ससारखी झाली.

यात्रेत घोडा घेणारा घोड्याच्या सजावटीकडे बघत नाही, तोंड उघडून दात बघतो. मी म्हटलं, "टार्गेट कुठे लिहून ठेवता?"

सरांकडे लाल वही होती. अक्षर सुंदर. प्रत्येक दिवसाचं टार्गेट लाल शाईने अधोरेखित. मी वही आणि जर्नल शेजारी ठेवलं. टार्गेट पाचशे वीस, विकलं पाचशे सहाला. दुसरा दिवस : टार्गेट तीनशे दहा, विकलं तीनशे तीनला. तिसरा, चौथा, दहावा. एकही विक्री टार्गेटला झालेली नव्हती. पाचशे सहाला विकलेला शेअर त्याच दुपारी चारशे नव्वदला बंद झाला होता. म्हणजे विकणाऱ्याला कळत होतं.

सरांची प्रमाण मराठी तिथे संपली आणि घरची अहिराणी सुरू झाली.

"आप्पा, मन्हं खातं कोनी हॅक करं!"

"सर, हॅकर रोज नफा करी देस का?"

"आज नफा करी देस, सकाय बठ्ठं खातं खाली करी जाई! मी सायबर पोलिसमा जासू!"

"जा. पण तक्रार खातेदाराला द्यावी लागेल. खातं कोणाच्या नावावर?"

"रेखाच्या."

"आणि लिहिणार काय? खातेदार सोडून दुसराच माणूस खातं वापरतो?"

असा दुसरा माणूस माझ्यासमोरच बसला होता, हे आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं.

त्यांनी घरी फोन लावला. स्पीकरवर ठेवला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"रेखा, आपलं खातं कोनीतरी वापरी ऱ्हायनं."

"हां. तुम्ही."

"मी नही व! अकरा वाजता. कोनीतरी शेअर इकी ऱ्हायनं."

"मी."

"तू?"

"सयपाक व्हयना का मी मोबाईल देखस. भाव चढेल ऱ्हास, इकी टाकस. तुम्ही ते टार्गेट आकाशमा टांगी जातस. तठे कोन पोचस?"

"माले सांगं काबर नही?"

"सांगं व्हतं दिवायीले. तुम्ही म्हनात, तुले काय समजस."

सरांना काही आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं. मी मध्ये पडलो.

"ताई, कधी विकायचं हे कसं ठरवता?"

"आप्पा, मन्हा बाप नंदुरबारले मिरचीना येपार करे. तो सांगे, लाल मिरची घरमा ठेवी ते रोज वजन घटस. चांगला भाव उना का इकी टाकानी. जास्त लोभ नको." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आनि आप्पा, बठ्ठं वहीमा चढनं ना? टाईमसंगे?"

"टाइमसकट चढलं, ताई."

"मंग व्हई गयं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वहीची अट कशासाठी होती, ते मला आत्ता कळलं. नवऱ्याला तोंडावर सांगून झालं होतं. मग त्यांनी त्याला लेखी उत्तराकडे पाठवलं.

उरलेलं काम सरांनी स्वतः सांगितलं. जर्नलमध्ये प्रत्येक सौद्याला चिठ्ठी लावता येते, तिला टॅग म्हणतात. "लावा आप्पा. तिचे वेगळे, माझे वेगळे." सरांनी दुपारी स्टाफरूममध्ये बसून विकलेले सौदे एका बाजूला, ताईंचे दुसऱ्या बाजूला. ताईंना डिस्टिंक्शन होतं. सरांचे आले एकतीस टक्के.

मी यावेळी आकडा वाचला नाही. सरांनीच वाचला.

"पासिंग पस्तीस," ते हळूच म्हणाले. "चार कमी पडतात." आणि मग हसायला लागले. आधी बारीक, मग खुर्ची हलेपर्यंत. खालून शेठजींनी विचारलं, आता कशाचे पेढे?

सोमवारी सर प्रॅक्टिकलला गेले. राजीनामा खिशातच राहिला आणि शर्टाबरोबर धुतला गेला, असं त्यांनी सांगितलं. खरंखोटं मी तपासलेलं नाही. प्रमुख पाहुण्यांना उद्घाटन रद्द झाल्याचं कळवलं. कोणतं उद्घाटन हे त्यांना आठवेना, पण त्यांनी शुभेच्छा दिल्या. शालींपैकी एक घरीच, चहाच्या वेळी, भाषण न होता रेखाताईंना मिळाली. आता सर सकाळी शेअर सुचवतात, आणि घ्यायचा की नाही हे ताई ठरवतात. दुपारचा सौदा बंद आहे.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी यात एवढंच. इम्पोर्ट झाल्यावर आधी ओळी मोजा, मग तुकडे जोडा, मग घड्याळ कोणत्या गावचं आहे ते बघा. तोवर तोंड उघडू नका, आणि कोणी पेढे आणायला निघाला तर त्याला थांबवा.

पुढच्या महिन्यात जर्नल अपडेट करायला लोणखेड्याला सरांच्या घरी गेलो. अंगणात दहा बाय आठचा फ्लेक्स अंथरलेला होता आणि त्यावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. एका कोपऱ्यातून सरांची हाताची घडी तेवढी दिसत होती. टक्क्यांच्या कोऱ्या जागेवर मिरच्या जरा दाट पडल्या होत्या. ताई ओट्यावर मोबाईल घेऊन बसल्या होत्या. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी हाक मारली नाही. चप्पल काढून गुपचूप बाजूला बसलो.