कालव्यापलीकडची अक्का

१२ जानेवारी १९६८. उद्या भोगी. जुनंपानं उद्या पहाटे अंगणात जाळायचं, म्हणून आज सकाळपासून माळा रिकामा करायला घेतला आहे. फाटक्या चटया, मोडकी सुपं, बूड गेलेली टोपली असं बरंच खाली टाकून झालं. सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली एक लांब काठी होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. खरं तर मी तिच्यासाठीच वर चढले होते. मद्रासहून पुतण्याचं तमिळमध्ये पत्र आलं आहे. "काकू, आईची गोल्फची काठी तुमच्याकडे असेल तर पाठवा. माझी मुलगी खेळायला लागली आहे." मुलगी वयाच्या मानाने फार उंच आहे, असंही त्याने लिहिलं आहे. आजीवरच गेली असणार, ते लिहायची काही गरज नव्हती.

पुतण्याची आई म्हणजे माझी थोरली जाऊ. घरात आम्ही तिला अक्का म्हणत असू. क्लबातले लोक 'कालव्यापलीकडची अक्का' म्हणत. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

अक्काची एक सवय मी दुसऱ्या कोणातही पाहिली नाही. फटका मारल्यावर ती चेंडूकडे बघत नसे. काठी फिरली, चेंडू उडाला, की ही पाठ वळवून माझ्यासमोर हात पुढे करून उभी. कारण फटक्याआधी ती उजव्या हातातल्या सोन्याच्या चार बांगड्या काढून माझ्याकडे द्यायची. हिरव्या काचेची एक तेवढी ठेवायची. "हे धर गे," म्हणायची. मग बांगड्या परत चढवताना विचारायची, "गेला का?"

"गेला."

"सरि," म्हणायची, तमिळमधलं 'बरं'.

झालं. एवढा लांब गेलेला चेंडू, पण तिला त्याचं कौतुक नाही. मी एकदा विचारलं, "बघत का नाहीस?" तर म्हणाली, "काठीला लागला तोवर माझा. पुढे तो त्याचा. लेकीला सासरी धाडल्यावर रोज वेशीवर जाऊन उभं राहतात होय?" बाकी सगळे तिचा चेंडू दिसेनासा होईपर्यंत बघत राहत आणि मी तिच्या बांगड्या धरून उभी असे. चौदा वर्षं मी त्या बांगड्या धरल्या.

आमच्या कावेरीकाठच्या गावातलं मैदान म्हणजे गोऱ्या साहेबांनी जाताना मागे ठेवलेली गोष्ट. नऊ भोकं, मधे बाभळी, एका अंगाला कालवा. हिरवळ वगैरे काही नाही. भोकाभोवती तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे गोल असत. साहेब गेले तेव्हा सभासद इतके थोडे उरले की चिटणिसांनी बायकांनाही या म्हटलं. आमचे थोरले दीर कालवे खात्यात इंजिनियर, आमचे हे कॉलेजात शिकवायचे. दोघे भाऊ रविवारी सकाळी खेळायला जात, त्यांच्यामागून आम्ही दोघी जावा. अक्काचे वडील निलगिरीत चहाच्या मळ्यावर डॉक्टर होते. ती लहानपणीच तिथल्या उतारावर काठी फिरवायला शिकली होती. आम्ही दोघी नऊवारीत, पायात कॅनव्हासचे बूट. "कासोटा घातला की पाय मोकळे. विजारीत ते सुख नाही," असं तिने एकदा क्लबातल्या डॉक्टरांना सुनावलं होतं. डॉक्टर विजारीत होते.

मी खेळायला लागले ती तिला बघून, आणि लवकरच माझ्या ध्यानात आलं की माझा चेंडू सरळ जातो, पण लांब जात नाही. वाळूच्या गोलावर माझ्याइतका नेम क्लबात कुणाचा नव्हता. त्याचं नाव कोणी काढत नसे. लोकांना लांब गेलेलाच चेंडू दिसतो. रविवारी खेळ झाल्यावर सगळे आमच्याकडे फराळाला यायचे. पुरणपोळ्या माझ्या, डांगरपचडी माझी, आणि खाताना बोलणं अक्काच्या फटक्याचं. तिला साधं रसमसुद्धा धड जमत नसे. ती स्वतःच सांगायची, "माझ्या रसमात कावेरी जास्त." त्यावर सगळे हसायचे. तिला स्वयंपाक न येणंसुद्धा लोकांना आवडायचं.

सगळं अडायचं ते सातव्या भोकाशी. तिथे कालवा कोपरासारखा वळतो. फटका मारायची जागा अलीकडे, भोकही अलीकडेच, पण वळणाच्या त्या टोकाला. आम्ही सगळे कालव्याच्या कडेकडेने तीन फटक्यांत तिथे पोचायचो. अक्का कालवा आणि पलीकडच्या शेताचा कोपरा ओलांडून सरळ चेंडू पाठवायची. तो वळणापलीकडे पुन्हा आमच्या बाजूला उतरायचा. एका फटक्यात काम. बायकांचं चांदीचं भांडं दरवर्षी एका-दोन फटक्यांनी तिच्याकडे जायचं, आणि ते एक-दोन फटके सातव्या भोकाचे असायचे. आमच्या दिवाणखान्यात तिची भांडी ओळीने मांडलेली होती. एकत्र घर, त्यामुळे चिंच लावून ती मीच घासायची.

मग एका वर्षी लावणीच्या दिवसांत अक्काचा चेंडू थोडा कमी पडला. पलीकडच्या शेतात बायका ओणवून भाताची रोपं लावत होत्या. त्यातल्या एकीच्या खांद्यावर तो बसला. शेताचे मालक चिखलाने माखलेला चेंडू हातात घेऊन क्लबात आले आणि तो चिटणिसांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा कुणाचा?"

पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. अक्का म्हणाली, "माझा." दुसऱ्या दिवशी शेकायला वाळूची पुरचुंडी आणि सुंठीची कॉफी घेऊन ती पूल ओलांडून त्या बाईच्या घरी गेली. दुपारभर बसली. येताना ती त्या बाईच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. अशी ती.

कमिटी बसली. बायकांतर्फे कमिटीवर मी होते. अक्काने चिठ्ठी पाठवली होती: लावणी आणि कापणीच्या दिवसांत कुणीही कालव्यावरून मारायचं नाही, शेतात माणूस असेल तर एरवीही नाही, आपण स्वतः आधी पाळू. चिटणिसांची सूचना वेगळी. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर, माणसांवर विश्वास ठेवायची सवय गेलेली. ते म्हणाले, माणसाला बांधण्यापेक्षा चेंडूलाच बांधावं. विलायती चेंडू बंद. झिजलेले जुने चेंडू गावातल्या मृदंग मढवणाऱ्याकडून चामड्याने मढवून घ्यायचे आणि सगळ्यांनी तेच वापरायचे. त्यांनी एक नमुना करूनही आणला होता. तो विलायती चेंडूच्या निम्मा-पाऊण जाई. कालवा ओलांडणं त्याच्या बापाला शक्य नव्हतं.

तीन हात चिठ्ठीच्या बाजूने, तीन चामड्याच्या बाजूने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चामड्यासाठी हात वर केला. मी म्हणाले, "शेतातल्या बायकांचा विचार आधी करायला पाहिजे." चिटणिसांनी ते वाक्य कार्यवृत्तात घालून घेतलं. हात वर करताना माझ्या डोळ्यांसमोर शेतातली एकही बाई नव्हती. सातवं भोक होतं.

पुढच्या रविवारी जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. डॉक्टरांनी राजीनामा दिला. "मी गोल्फ खेळायला येतो, भजनाला नव्हे," म्हणाले. चेंडूला काठी लागली की धप्प असा मृदंगासारखा आवाज यायचा, त्यावरून हे. बँकेचे एजंट म्हणाले, हा माणसाच्या ताकदीवरचा कर आहे. आमचे हे म्हणाले, "उद्या धावणाऱ्याच्या पायात बेडी घाला." मी यांना विचारलं, "तुमचा चेंडू कालव्यापर्यंत तरी कधी गेला होता?" हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खरंच, ज्यांच्या चेंडूने कधी कालवा ओलांडला नव्हता, तेच जास्त चिडले होते. आज ना उद्या आपलाही जाईल, असं प्रत्येकाला मनातून वाटत असतं, आणि नियमाने नेमकं तेच काढून घेतलं होतं. मृदंग मढवणारा म्हातारा तेवढा खूश होता. तो प्रत्येक चेंडू कानाशी धरून टिचकी मारायचा आणि मगच द्यायचा. डॉक्टर तिसऱ्या रविवारी परत आले.

सातव्या भोकाशी अक्काने बांगड्या काढल्या, "हे धर गे" म्हणाली आणि पूर्वीसारखाच फटका मारला. धप्प. चेंडू कालव्याच्या अलीकडेच पडला, माझा पडायचा त्याच्या पुढे चार पावलं. तिने बांगड्यांसाठी हात पुढे केला.

"गेला का?"

"नाही."

"सरि," म्हणाली आणि आमच्यासारखी कडेकडेने चालायला लागली.

त्या वर्षीचं भांडं मला मिळालं. सगळे चेंडू आखूड झाल्यावर नेमाला किंमत आली. घरी येताना जटक्याच्या घोडागाडीत आम्ही दोघीच होतो, भांडं माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "तू हात वर केलीस ते बरंच केलीस. पुन्हा कुणाला लागलं असतं तर मला झोप लागली नसती."

मी म्हणाले, "तेच मी म्हणते."

"पण तू त्यासाठी नाही केलीस गे."

मी काही म्हणणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "पोदुम, पुरे. आता ते भांडं नीट धर. पोचा आला तर घासायला तुलाच त्रास." आणि हसली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

नंतर दोन वर्षांनी थोरले दीर निवृत्त झाले आणि ती दोघं मुलाकडे मद्रासला गेली. सामान बांधून झालं होतं. अक्का ही काठी आणि एक चेंडू घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. चेंडू विलायती होता, पांढरा, कोरा, कोणत्या जुन्या डब्यात जपून ठेवला होता कोण जाणे.

"काठी तिकडे नेत नाहीस?"

"तिथलं मैदान मोठं, पण सगळी अनोळखी माणसं. बांगड्या कुणाजवळ देऊ?" मग चेंडू माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "हा ठेव. नियम उठला की मार."

नियम उठवायचा म्हटलं तर एका बैठकीचं काम होतं. चिटणीस बदलले होते, आणि मी अजून कमिटीवर आहे. तिची ती चिठ्ठी फायलीत आहे. दरवर्षी बैठक होते, दरवर्षी विषयपत्रिका मी लिहिते. तो विषय मी कधी घातला नाही. अक्का मद्रासला होती, तिचा चेंडू आता कालव्यावरून जाणार नव्हता, आणि तरीही मी तो घातला नाही. तिचं पत्र यायचं, त्यात नियमाबद्दल विचारणा नसायची. ती मागे वळून बघत नसे, हे मी आधीच सांगितलं.

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज पहाटे भोगी पेटवली, चटया आणि सुपं जाळली. काठी लाकडाचीच, पण ती बाजूला ठेवली. उजाडल्यावर काठी आणि तो कोरा चेंडू घेऊन सातव्या भोकाशी गेले. सणामुळे मैदानावर कोणी नव्हतं. पलीकडे भात पिवळं उभं होतं. शेतात, बांधावर कोणी नाही हे दोनदा पाहून घेतलं. बांगड्या काढल्या. धरायला कोणी नव्हतं, म्हणून पदराच्या टोकाला बांधल्या. मग अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून फटका मारला.

मी बघितलं. अगदी शेवटपर्यंत बघितलं. चेंडू छान उंच गेला आणि कालव्याच्या मधोमध पडला. माझ्यासाठी नियमाची गरजच नव्हती.

घरी येऊन काठी गोणपाटात शिवली. विषयपत्रिकेच्या कागदावर पहिला विषय म्हणून अक्काची चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली. पुतण्याला मराठी वाचता येत नाही, त्याला तमिळमध्ये चार ओळी लिहिल्या: काठी पाठवते आहे. चेंडू पाठवत नाही, तो कालव्यात आहे. मुलीला सुट्टीत इकडे घेऊन ये. बांगड्या धरायला मी आहे.

मग स्टेशनवर जाऊन पार्सल दिलं, आणि पोंगलसाठी ऊस घेऊन घरी आले.