गाडीचा नवा रेडिओ आणि मागचा डोळा

खांब शेजारणीच्या फाटकाचा होता, गाडी आमची होती आणि चूक माझी होती. यातलं शेवटचं मी तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही.

सातपूरला आमच्या कॉलनीतला रस्ता अरुंद आहे. गाडी पुढून आत घालता येते, पण बाहेर काढताना मागेच घ्यावी लागते. आमच्या ह्यांची मान पाच-सहा वर्षांपासून वळत नाही. कारखान्यात तीस वर्षं लेथ मशिनवर वाकून उभे राहिले, त्याचं हे बक्षीस. म्हणून गाडी काढायची असली की मी मागे उभी राहायचे आणि ओरडायचे, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बास!" ते माझ्या आवाजावर गाडी घ्यायचे. आरशात बघायचेसुद्धा नाहीत.

त्या गुरुवारी समोरची शेजारीण गच्चीवर कुरडया घालत होती. मला बघून वरून ओरडली, "काकू, चीक पातळ राहिला. कुरडई पसरतेय. काय करू?"

मी मान वर करून सांगायला लागले, की परत गॅसवर ठेव, घाटत राहा, हात थांबवू नको. मध्ये मध्ये "येऊ द्या" चालूच होतं. इतक्या वर्षांची सवय, तोंड आपोआप चालतं. "बास" म्हणायचं तेवढं राहिलं.

खांब आडवा झाला. गाडीचा मागचा दिवा फुटला. शेजारीण पळत खाली आली. तिने आधी खांबाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. पण ती काही बोलली नाही, कारण अर्धं पातेलं चीक अजून वर होता आणि तो माझ्या सल्ल्यावाचून सुधारणार नव्हता.

खांब ह्यांनी गवंडी आणून आठवड्यात परत उभा केला. ओळंबा स्वतः धरला. पहिल्यापेक्षा सरळ झाला. पण तोवर बातमी पुण्याला मुलापर्यंत पोचली होती. त्याने फोन केला.

"बाबा, आता पुरे झालं. पंचाहत्तरी आली. उद्या खांबाच्या जागी माणूस असला तर? मी येऊन किल्ली घेऊन जातो."

ह्यांनी फक्त ऐकून घेतलं. "तुझ्या आईने येऊ द्या म्हटलं म्हणून मी आलो," हे एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. बोलले नाहीत. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली, त्यांनी माझी चहाडी कधी केली नाही. कौतुकही कधी केलं नाही, तेव्हा हिशोब सारखाच.

आता कोणी म्हणेल, नवऱ्याच्या मानापानासाठी माझा जीव तुटत असेल. तसं काही नाही. मला माझ्या गुरुवारची काळजी होती. माझी थोरली बहीण निफाडच्या पुढे एका खेड्यात असते. मी दर गुरुवारी तिच्याकडे जाते. आम्ही जेवतो, दुपारी आडव्या होतो आणि लहानपणी विहिरीवरून जास्त पाणी कोणी आणलं यावर भांडतो. माझ्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढत नाही. गाडी गेली की बहीण गेली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, तेव्हा हे भांडण फार वर्षं लांबणीवर टाकता येण्यासारखं नाही.

मी फोन हातात घेतला. "किल्ली नेलीस तर दर गुरुवारी पुण्याहून येऊन मला निफाडला सोडायचं," म्हटलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्येच आहे मी. तुला जन्म द्यायच्या आधीपासून."

तोडगा शेजारणीने काढला. तिच्या जावयाच्या गाडीत मागे बघायचा कॅमेरा आहे. गाडी मागे घ्यायला लागलं की मागचं सगळं पुढे पडद्यावर दिसतं. "काकांची मान वळत नाही ना, मग वळवायचीच कशाला?" ती म्हणाली. आमच्या गाडीत कंपनीने दिलेला रेडिओ होता. त्यात पडदा कुठला? वर चार आकडे दिसायचे, तेही उन्हात दिसायचे नाहीत. म्हणजे तो रेडिओ काढून त्या जागी पडद्याचा बसवायला लागणार होता.

मुलाला कळवलं. तो म्हणाला, "बसवा. दोन आठवड्यांनी मी रविवारी येतो. माझ्यासमोर बाबांनी गाडी मागे घेऊन दाखवायची. आईने ओरडायचं नाही. जमलं तर किल्ली त्यांच्याकडे. नाही जमलं तर माझ्याकडे."

हे म्हणाले, "कबूल." एवढाच शब्द.

दुकान आमच्याच रस्त्याला होतं. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं आणि त्याला वाटलं, म्हातारा-म्हातारी आली आहेत, काहीही गळ्यात मारावं. डिकीत ठेवायचा आवाजाचा एक डबा दाखवला, केवढा तरी मोठा. म्हणाला, "बाबा, हा लावा. गाडीच्या काचा हलतील."

"काचा हलायला नकोत म्हणून तर आम्ही खड्डे चुकवतो," मी म्हटलं.

मग तो जुना रेडिओ काढायला बसला. भोवतीची चौकट उचकटली, रेडिओ ओढला, मागे वायरींचा जुडगा निघाला. दुकानदाराने पक्कड घेतली. ह्यांनी त्याचा हात धरला.

"कापायची नाही."

"बाबा, कापून जोडलं की दहा मिनिटांत काम."

"कापायचीच असती तर घरी विळीवर कापली असती. कंपनीने वायरींच्या टोकाला हा खटका दिला आहे ना? त्याला बसेल असा जोड मिळतो. तो आण."

दुकानदार म्हणाला, जोड माझ्याकडे नाही. हे म्हणाले, मग मागव, आम्ही बसतो. आणि खरंच बसले, स्टुलावर, हाताची घडी घालून. कारखान्यात साहेबाच्या केबिनबाहेर असेच बसायचे म्हणतात. अर्ध्या तासाने जोड आला. तोवर मी दुकानातले सगळे पडदे बघून घेतले. सगळे काचेचे, गुळगुळीत.

मी विचारलं, "आवाज बारीक कुठून करायचा?"

"मावशी, आता सगळं टच. काचेवर बोट फिरवायचं."

"आणि बोट कुठे फिरतंय ते बघायला मान खाली घालायची, तोवर पुढे ट्रक. मला गोल बटण पाहिजे. हाताला लागणारं. कान असल्याशिवाय पिळायचं काय?"

तो हसला आणि आतून एक काढून आणला. पडदा थोडा लहान, पण बाजूला गोल बटण. मला वाटतं त्या दिवशी त्या दुकानात शहाणं काही बोललं गेलं असेल तर ते मीच बोलले.

कॅमेरा बघून मात्र मी निराश झाले. एवढा गाजावाजा आणि वस्तू करवंदाएवढी. नंबरच्या पाटीच्या वर बसवली. ह्यांनी मागे घ्यायचा गिअर टाकला आणि पडद्यावर मागचा सगळा रस्ता आला. रस्त्यावरचं कुत्रं, केळीची गाडी, सगळं. वर हिरवी, पिवळी आणि लाल रेघ.

दुकानदार म्हणाला, "हिरव्यापर्यंत बिनधास्त. पिवळं आलं की सावकाश. लाल दिसलं की थांबायचं, काही झालं तरी."

"लाल म्हणजे थांबायचं," हे म्हणाले. लेथवर काम केलेला माणूस. नियम सांगितला की तो त्यांच्यात खिळ्यासारखा बसतो.

पुढचा आठवडाभर ते रोज सकाळी गाडी मागे-पुढे करत होते. मी ओरडायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ओट्याशी उभी राहून ओठ मिटून घ्यायचे. मोठं कठीण काम.

परीक्षेचा रविवार आला. मुलगा दहाला येणार होता. मी आठलाच आंघोळ उरकून ताट घेऊन गाडीपाशी गेले. घरात नवी वस्तू आली आणि तिला हळदकुंकू लावलं नाही असं आमच्याकडे होत नाही. मिक्सरला लावलं, पाण्याच्या मोटारीला लावलं. दसऱ्याला हे कारखान्यात लेथला लावायचे, साहेबलोकसुद्धा हात जोडायचे. गाडीला पाच ठिकाणी ओलं कुंकू लावलं. पडद्याकडे बोट नेलं तर हे ओरडले, "काचेवर नको!" म्हणून कडेच्या चौकटीवर टिकली टेकवली. ते चहा प्यायला आत गेले.

मग मला मागच्या त्या करवंदाची आठवण झाली. नव्या वस्तू दोन आल्या होत्या, एक पुढे आणि एक मागे. पुढचीला मान द्यायचा आणि मागचीला उपाशी ठेवायचं, हे बरोबर नाही. आणि खरं काम तर तीच करणार होती. मी वाकून बघितलं. नुसता डोळा, कपाळ कुठे दिसेना. म्हणून डोळ्यावरच लावलं. चांगलं अंगठ्याने, दाबून. वर दोन अक्षता चिकटवल्या.

दहाला मुलगा आला. चहा झाला. शेजारीण बाहेर येऊन आपल्या नव्या खांबाला पाठ लावून उभी राहिली, जसा काही तो पळून जाणार होता. मुलगा ह्यांच्या शेजारी बसला. मी सवयीने गाडीच्या मागे गेले.

"आई, बाजूला. आज तू बोलायचं नाहीस," मुलगा आतून म्हणाला.

मी बाजूला झाले. गिअर पडल्याचा आवाज आला. गाडी हलेना.

"बाबा, घ्या ना मागे."

"लाल आहे."

"मागे मोकळं आहे सगळं. मी बघतोय ना वळून."

"तुला दिसत असेल. मला लाल दिसतंय. लाल म्हणजे थांबायचं."

मुलाने परत मागे बघितलं. रस्ता रिकामा. "बाबा, पडदाच बिघडला असेल. पाच फूट तरी घ्या. आरशात बघा हवं तर."

"आरशात खांब दिसत नाही. मागच्या खेपेलाही दिसला नव्हता. जिथलं दिसत नाही तिथे मी गाडी घालणार नाही. घेऊन जा किल्ली."

आणि खरंच त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मुलासमोर धरली.

माझा गुरुवार त्या किल्लीला लोंबकळत होता. मला राहवलं नाही. मी मागे पळाले आणि ओरडले, "अहो, मी आहे ना! येऊ द्या, येऊ द्या!"

गाडी जागची हलली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं "येऊ द्या" ऐकलं नाही. राग आला मला. आणि त्या रागातच माझं लक्ष नंबरच्या पाटीकडे गेलं. करवंद लालभडक, वर दोन अक्षता.

मी पदर ओला करून ते पुसलं. मग खिडकीशी गेले. "आता बघा. लाल गेलं का?"

ह्यांनी किल्ली फिरवली, गिअर टाकला. "गेलं. खांब दिसतोय. शेजारीणही दिसतेय."

"काय होतं?" मुलाने विचारलं.

"कुंकू," मी म्हटलं. "मी लावलं होतं."

मुलगा आधी पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्या लाल पदराकडे, आणि मग असा हसला की शेजारीण खांब सोडून पुढे आली. मला वाटलं, हसतोय तोवर उरलेलंही सांगून टाकावं. पोळी भाजतेच आहे तर दोन्ही बाजू भाजाव्यात.

"आणि तो खांब," मी म्हटलं, "तोही माझ्यामुळेच पडला. मी वर हिच्याशी कुरडयांचं बोलत होते आणि खाली येऊ द्या म्हणत होते. हे माझ्या शब्दावर आले."

"मला माहीत होतं," शेजारीण म्हणाली.

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"काकू, त्या कुरडया किती सुंदर झाल्या!"

मुलाने ह्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी?" हे म्हणाले. आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी गाडी मागे घेतली, हळूहळू, पिवळ्यापर्यंत, आणि खांबापासून दोन हातांवर थांबवली. मग पुढे घेतली. मग न सांगता परत एकदा मागे.

मुलगा खाली उतरला. मला म्हणाला, "गाडी मागे घेता येते का हे मला बघायचंच नव्हतं. दिसत नसताना थांबतात का, हे बघायचं होतं. ते बघितलं." किल्ली गाडीलाच राहिली. जेवायला मी पुरणपोळी केली, पण ती आधीच ठरलेली होती.

जुना रेडिओ ह्यांनी दुकानात ठेवू दिला नव्हता. द्राक्षांच्या रिकाम्या पेटीत तो बसवला, दोन जुने स्पीकर जोडले, आणि आता तो माझ्या ओट्यावर वाजतो. कणकेच्या हाताने कान पिळला तरी तक्रार करत नाही. गाडीतल्या नव्याचा आवाज त्याहून चांगला आहे, खोटं कशाला बोलू. निफाडपर्यंत ह्यांच्या आवडीची भजनं आणि परत येताना माझ्या आवडीच्या बातम्या, असं ठरलं आहे.

गुरुवारी मी अजूनही गाडीच्या मागे जाऊन उभी राहते. पाच-सहा वर्षांची सवय पंधरा दिवसांत जात नाही. मागच्या खेपेला मी तोंड उघडायच्या आत हे खिडकीतून ओरडले, "अगं, बाजूला हो! पडद्यावर सगळी तूच दिसतेस, खांब कुठे आहे ते कळत नाही!"