पाकवाल्या भाऊंच्या बाह्या

चिक्कीच्या भट्टीपाशी अंगावर कपडा नकोसा होतो, तिथं पाकवाले भाऊ मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उभे असत. लोणावळ्यातल्या त्या कारखान्यात मी चिक्की पॅक करायला होते. लग्नाला निघालात का भाऊ, असं आम्ही बाया त्यांना चिडवायचो. ते हसायचे, बटण मात्र सोडायचे नाहीत.

पाक त्यांच्याशिवाय कुणी उतरवायचा नाही. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, गोळी झाली की दाताखाली धरायची. टक्कन मोडली तर कढई खाली. "डोळा फसवंल, दात फसवायचा न्हाई," म्हणायचे. मालकानं थर्मामीटर आणला, तो त्यांनी कौतुकानं खिळ्याला टांगून ठेवला.

एकदा मी लवकर गेले, तर भाऊ बाही वर करून कोपराला खोबरेल चोळत होते. लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. मी दचकलेच. सोरायसिस आहे, कुणाला लागत नाही, बारा वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं सांगितलंय, असं ते घाईघाईनं म्हणाले. मग हात जोडले. "कुनाला बोलू नगंस बाई. असल्या हातची चिक्की कोन खाईल? आन् पाकाबिगर मला दुसरं येतंय काय?"

मी शब्द दिला आणि इमानानं पाळला. बाकीच्या बाया यायच्या आत त्यांच्या जागेवरचे पापुद्रे रोज झाडून टाकायची. मोठं पुण्य करतेय असं वाटायचं मला, मूर्खाला. पुन्हा डॉक्टरला दाखवा, असं मी एकदाही म्हणाले नाही. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं तर, ही त्यांची भीती मीही माझीच करून घेतली होती.

पुढं भाऊ तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले, वाळले. भट्टीची झळ, म्हटलं आम्ही. मग एका दुपारी उकळता पाक त्यांच्या पायावर सांडला. मी ओरडले, तर ते कढई ढवळतच होते. चटका त्यांना कळलाच नव्हता.

जखम चिघळली. तिकोणा पेठ या गावी त्यांचं घर होतं, पण घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तळेगावच्या दवाखान्यात मीच नेलं. रक्तातली साखर भलतीच वाढलेली, तिनंच पाय बधिर झालेले. डॉक्टरीणबाईंनी भाऊंच्या बाह्या वर केल्या आणि थांबल्या. असे चट्टे असणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त असतो, त्यांनी अधूनमधून साखर तपासायची असते, वेळेत कळलं असतं तर हा पाय इथवर आला नसता, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, इतकी वर्षं हे कुणीच पाहिलं नाही?

"न्हाई बाई. कुनालाच म्हाईत न्हवतं," भाऊ म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पाय कापला, तरी आठवड्यात ते गेले. अजून डोळे मिटले की ते दवाखान्याच्या खाटेवर तसेच बसलेले दिसतात, माझ्याकडं न बघता. मला नंतर कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.