काकूंचा सूर आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान

लग्न होऊन मी पुण्याहून डोंबिवलीत आले तेव्हा माझ्याजवळ तत्त्वज्ञान घेऊन मिळवलेली बी.ए.ची पदवी होती आणि संसारात उपयोगी पडेल असं एकही कसब नव्हतं. स्वेटर विणता येत नव्हता, गाता येत नव्हतं. पुरणपोळी करायला घेतली की तिचा नकाशा व्हायचा. सासूबाई गावाकडे असत, त्यामुळे बोलणारं कोणी नव्हतं, एवढंच काय ते सुख.

तेव्हाची डोंबिवली म्हणजे भातशेतं, विहिरी आणि मधूनमधून नवी कौलारू घरं. सकाळी पुरुषमंडळी मुंबईच्या ऑफिसांना गेली की संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती बायकांची. दर गुरुवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात आमचं महिला मंडळ भरायचं. प्रत्येकीने आपल्याला येईल ते दुसरीला शिकवायचं, असा तिथला नियम होता.

माझी पाळी आली तेव्हा मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "तुला काय येतं गं?"

या बाईंना सगळी वस्ती काकू म्हणायची. वस्तीत पहिलं घर त्यांनी बांधलं होतं. कोणाचं बाळंतपण असो की साप निघालेला असो, माणसं आधी काकूंना हाक मारत.

"तत्त्वज्ञान," मी म्हटलं.

"म्हणजे गीता?"

"नाही. पाश्चात्त्य. ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इंग्रज अशा लोकांचं."

कोपऱ्यात कोणीतरी खुदकन हसलं. काकू म्हणाल्या, "मग तेच शिकव. लोणची काय, सगळ्याच शिकवतात."

पहिल्या गुरुवारी मी घाबरत घाबरत सांगितलं, की या लोकांचे मुख्य प्रश्न तीन. खरोखर आहे काय? ते आपल्याला कळतं कसं? आणि माणसाने वागावं कसं? मग एका फ्रेंच विचारवंताची गोष्ट सांगितली. डोळे फसवतात, कान फसवतात, स्वप्नातलंही खरं वाटतं, म्हणून त्याने सगळ्यावरच संशय घ्यायचं ठरवलं. शेवटी संशय घेणारा मी तरी आहेच, एवढं त्याच्या हाती उरलं.

"लग्न झालं होतं का त्याचं?" एकीने विचारलं.

"नाही."

"वाटलंच. घरात माणसं असती तर एवढा संशय घ्यायला वेळ मिळाला नसता."

तेव्हापासून प्रत्येक तत्त्वज्ञाच्या बाबतीत हा प्रश्न ठरलेला. दुर्दैवाने बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच निघायचं आणि माझ्या मोठमोठ्या माणसांची किंमत सभामंडपात उतरायची.

तरी बायका येत राहिल्या. ज्ञान बुद्धीतून येतं की अनुभवातून, या वादाच्या दिवशी तर सरळ दोन तट पडले. जवळच्या जुन्या गावातल्या एक आगरी बाई यायच्या. आमची घरं ज्या जमिनीवर उभी होती, तिथे एके काळी त्यांचीच शेती होती. त्या ठासून म्हणाल्या, "आग भाजते, ह्या पोराला कोन शिकवतं? हात भाजला का कलतं!" शाळामास्तरांच्या बायकोने लगेच उलट विचारलं, "आणि दोन नि दोन चार? ते कुठे हात भाजून कळतं?" वाद एवढा रंगला की चहाची आठवण कोणाला राहिली नाही. घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात दोन नि दोन किती होतात, हे साहेबाच्या अनुभवावर अवलंबून असतं."

अशातच ठाण्याला महिला मंडळांची भजनस्पर्धा जाहीर झाली आणि आमचं पंचाईतीचं पर्व सुरू झालं. आमच्या भजनात पुढे गायच्या त्या काकू. आवाज भरदार, पाठांतर चोख. पण सूर म्हणाल तर पेटी एकीकडे आणि काकू दुसरीकडे. देवळात ते चालून जायचं. ठाण्यात परीक्षकांसमोर कसं चालावं? पण काकूंना सांगणार कोण? अर्ध्याअधिक बायकांच्या मुलांना, माझ्या तान्ह्या मुलीलाही, पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली.

नेमकं त्याच गुरुवारी मी नीतिशास्त्राला हात घातला होता. एका जर्मन पंडिताचं म्हणणं सांगितलं, की परिणाम काहीही होवो, खोटं बोलू नये. कर्तव्य ते कर्तव्य. मग इंग्रजांचं म्हणणं सांगितलं, की जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख ज्यात, ते कृत्य चांगलं. यांच्यातल्या एकाचं लग्न झालं होतं, हे मी न विचारताच सांगून टाकलं.

शाळामास्तरांची बायको एकदम म्हणाली, "समजा, एक बाई आहे. मनाने फार चांगली. पण तिचा सूर लागत नाही. तर तिला सांगावं का?"

सगळ्या जमिनीकडे बघू लागल्या. काकू खांबाला टेकून वाती वळत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "सांगावं की. स्पष्ट सांगावं. तोंडावर गोड बोलण्यात काय भलं आहे? कोण गं ती बाई?"

आम्ही घाईघाईने सतरंज्या गुंडाळायला लागलो. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांनी मिळून मलाच पुढे ढकललं. "तू शिकवलंस, आता तूच निस्तर."

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या ओसरीवर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी डोळे मिटून सांगून टाकलं. काकूंचा हात थांबला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. त्या जर्मन माणसाला काय जातं बोलायला, असं परतताना मनात आलं.

पुढच्या गुरुवारी काकू येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मलाच विचारलं, "मास्तरीणबाई, डोळे फसवतात, कान फसवतात, हे तूच शिकवलंस ना?"

"हो, काकू."

"मग माझा सूर चुकतो असं तुमचे कान म्हणतात, ते कशावरून खरं?"

पुण्यात तोंडी परीक्षेला मला कोणी असं पकडलं नव्हतं. शेवटी मास्तरांच्या बायकोने पेटी पुढे ओढली आणि एक पट्टी दाबून धरली. काकूंनी 'आ' लावला. सूर कुठे गेला ते सगळ्यांना ऐकू आलं. "ही पट्टी बिघडलीय," काकू म्हणाल्या. दुसरी दाबली. "हीसुद्धा." तिसरीला मात्र त्या थांबल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. "एक बिघडेल, दोन बिघडतील. सगळी पेटी माझ्यावरच का उठेल?"

आम्ही सगळ्या सुटल्यासारख्या हसलो. हसू ओसरल्यावर काकू माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पण मला आतून सुरातच ऐकू येतं गं. अगदी गोड. त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "काकू, दुसऱ्याला आतून काय ऐकू येतं, याचं उत्तर त्या लोकांनाही धड सापडलेलं नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "ठाण्याला पुढे मास्तरांची बायको गाईल. मी झांज घेईन. माझं एकटीचं सुख एकीकडे आणि तुम्हा सगळ्यांचं एकीकडे. एवढा विचार मला कळतो. पण मला मागे बसवून वर नंबर आला नाही, तर एकेकीला बघून घेईन."

नंबर आला, दुसरा. काकूंनी झांज अशी वाजवली की परीक्षकांनी तिचा वेगळा उल्लेख केला. परतताना ठाण्यातल्याच एका तळ्याकाठी आम्ही डबे सोडले. दशम्या आणि लसणाची चटणी संपल्यावर काकूंनी पदर खोचला, म्हणाल्या, "इथे काही स्पर्धा नाही," आणि मोकळ्या गळ्याने एक सबंध अभंग म्हटला. सूर नेहमीसारखाच. आगरी बाईंनी पहिला ताल धरला, मग सगळ्यांनीच. येणारे-जाणारे थांबून बघत होते आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर काकू माझ्या मागे लागल्या. "तू एम.ए. कर. मी काहीही विचारलं की तुला अजून उत्तर सापडत नाही." माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती. मी तिचं कारण सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "ती माझ्याकडे राहील. तू पुस्तकं घेऊन ये." ह्यांनी हसत मुंबईहून कॉलेजचं माहितीपत्रक आणून दिलं. जूनमध्ये मी मुलीला काकूंच्या ओसरीवर सोडलं. ती रडेल म्हणून जरा वेळ कुंपणाशी थांबले. ती रडली नाही. काकूंनी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "काय गं, तू खरोखर आहेस का?" मुलीने त्यांचं नाक ओढलं, आणि मी स्टेशनच्या वाटेला लागले.